ट्रायअँगल कारखान्यातील आग

ट्रायअँगल कारखान्यातील आग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ‘ट्रायअँगल वेस्ट कंपनी’ या तयार कपड्यांच्या कारखान्यास लागलेली आग. तीत १४६ कामगार मृत्यू पावले. त्यांपैकी १२३ स्त्रिया व २३ पुरुष होते. आग आटोक्यात येण्यास जेमतेम अठरा मिनिटे लागली. कारखाना ज्या इमारतीत होता ती अग्निरोधक म्हणून बांधलेली होती आणि आगीनंतरही तिचा सांगाडा शाबूत राहिला. इमारत टिकली; परंतु तीमधील माणसांना बाहेर पडता आले नाही. या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व या विसंगतीतच आहे. तोपर्यंत अग्निसंरक्षणाचा विचार मुख्यतः वास्तू व मालमत्ता यांच्या दृष्टीने होत असे. या दुर्घटनेनंतर तो माणसांच्या सुटकेच्या दृष्टीने होऊ लागला आणि कामाच्या जागेची सुरक्षितता ही मालकाच्या मर्जीची बाब न राहता कायद्याने घालून दिलेले व शासनाने तपासावयाचे कर्तव्य ठरू लागली.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क हे तयार कपड्यांच्या उत्पादनाचे अमेरिकेतील प्रमुख केंद्र बनले होते. पुरुषी सदऱ्याच्या धर्तीवर शिवलेला, पुढे बटणे असलेला स्त्रियांचा ‘शर्टवेस्ट’ हा पोलका त्या काळी अत्यंत लोकप्रिय होता. कचेऱ्या, दुकाने व कारखाने यांत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांचा तो जणू नित्याचा पोशाखच झाला होता. प्रारंभी हे शिवणकाम दाटीच्या चाळींतील अंधाऱ्या खोल्यांमधून चाले. पुढे विजेवर चालणारी शिवणयंत्रे व उद्वाहक उपलब्ध झाल्यावर ते मॅनहॅटनमधील नव्या उंच इमारतींत हलविण्यात आले. मोठ्या खिडक्या, उंच छत व प्रशस्त मजले यांमुळे या जागा चाळींपेक्षा निश्चितच चांगल्या वाटत. तथापि त्यांचा उपयोग शेकडो कामगारांना एकत्र बसविण्यासाठी होईल, हे गृहीत धरून त्यांतील जिन्यांची आखणी झालेली नव्हती. प्रत्येक कामगारामागे किमान २५० घनफूट (सु. ७ घ. मी.) हवा असावी, असा नियम होता. मजल्याचे छत उंच असल्यास हवेचे हे घनफळ सहज भरून निघे आणि त्या मानाने अधिक माणसे बसविता येत. मजल्यावरील माणसांची संख्या अशा रीतीने छताच्या उंचीवर ठरे. जिन्याच्या रुंदीशी तिचा संबंध जोडलेला नव्हता.

ट्रायअँगल कंपनीचे मालक मॅक्स ब्लँक व आयझॅक हॅरिस हे या धंद्यातील अग्रगण्य उत्पादक होते. त्यांच्या कारखान्यात सु. ५०० कामगार होते. रशियन साम्राज्यातून व पूर्व यूरोपातून आलेली ज्यू कुटुंबे आणि दक्षिण इटलीतून आलेली कुटुंबे यांतील तरुण स्त्रियांचा त्यांत भरणा होता. काहींचे वय चौदा-पंधरा वर्षांचेच होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्टवेस्ट कामगारांनी मोठा संप पुकारला. क्लारा लेमलिक या तरुण कामगार स्त्रीने सभेत केलेल्या आवाहनानंतर सु. २०,००० कामगार त्यात सामील झाले व त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. फेब्रुवारी १९१० मध्ये संप संपला, तेव्हा अनेक मालकांनी कामगार संघटनेशी करार केले होते. ट्रायअँगलच्या मालकांनी मात्र संघटनेस मान्यता दिली नाही. त्यामुळे कारखान्यातील दारे, जिने व कामाची जागा यांविषयी मालकांशी बोलण्याचे अधिकृत साधन तेथील कामगारांजवळ राहिले नाही.

धोक्याच्या पूर्वसूचना मिळालेल्या नव्हत्या असे नाही. १९०९ मध्ये एका अग्निप्रतिबंधतज्ञाने या कारखान्याची पाहणी करून कामगारांना आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव द्यावा, अशी शिफारस केली होती. ती अंमलात आली नाही. नोव्हेंबर १९१० मध्ये शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे एका कारखान्याच्या आगीत पंचवीसच्या आसपास कामगार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. सातव्या मजल्यापलीकडे आपल्या दलाची साधने परिणामकारक ठरणार नाहीत, असे न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर यांनी त्यापूर्वीच बजावले होते. छतातील नळांतून आगीवर आपोआप पाणी सोडणारे जलफवारेही नवीन राहिले नव्हते. न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांत ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविले जात होते. कारण गिरणीमालकांच्या परस्पर विमासंस्था तसा आग्रह धरीत. याचा अर्थ आवश्यक ते तांत्रिक ज्ञान उपलब्ध होते; ते वापरण्याचे बंधन मात्र नव्हते.

इमारत व तिचे मार्ग : वॉशिंग्टन चौकाजवळ, ग्रीन रस्ता व वॉशिंग्टन प्लेस यांच्या कोपऱ्यावरील ॲश इमारत १९०१ मध्ये पूर्ण झाली होती. ती दहा मजली असून तळमजल्यास पहिला मजला मानण्याच्या तेथील पद्धतीनुसार तिच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर ट्रायअँगलचा कारखाना होता. इमारतीची उंची १३५ फूट (सु. ४१ मी.) होती. ती १५० फुटांच्या (सु. ४६ मी.) वर असती, तर लाकडाऐवजी धातूच्या चौकटी व दगडी फरशी वापरणे कायद्याने भाग पडले असते. या मर्यादेच्या आत असल्यामुळे आतील जमीन, चौकटी व दारे लाकडाची ठेवता आली.

बाहेर पडण्यास दोन जिने होते : एक ग्रीन रस्त्याच्या बाजूस व दुसरा वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूस. दोन्ही अरुंद व वळणाचे असून त्यांची रुंदी सु. ८४ सेंमी. होती. जिन्यांच्या लगत उद्वाहक होते. एवढ्या क्षेत्रफळाच्या मजल्यास तिसरा जिना अपेक्षित होता. परंतु इमारतीच्या मागील बंदिस्त चौकात उतरणारा बाहेरचा लोखंडी जिना त्याऐवजी धरण्यात आला. कारखान्याची दारे शक्य तेथे बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत व कामाच्या वेळात ती कुलूपबंद नसावीत, असा राज्याचा कायदा होता. येथील जिन्याची पायरी दाराला इतकी लागून होती, की दार बाहेर उघडण्यास जागाच नव्हती. म्हणून ते आत उघडणारे ठेवण्यात आले आणि ‘शक्य तेथे’ या शब्दांमुळे ते नियमबाह्यही ठरले नाही. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून सुटीच्या वेळी सर्वांना ग्रीन रस्त्याच्या बाजूने एकेक करून जावे लागे व तेथे त्यांच्या पिशव्या तपासल्या जात. त्यासाठी वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचे दार बंद ठेवण्याची रीत पडली होती.

घटनाक्रम : २५ मार्च हा शनिवार होता व पगाराचाही दिवस होता. सायंकाळी पावणेपाच वाजता काम सुटावयाचे होते. त्यापूर्वी काही मिनिटे, आठव्या मजल्यावर कापड बेतणाऱ्यांच्या मेजाखाली, चिंध्या टाकण्याच्या खोक्यात आग दिसली. न विझलेली आगकाडी किंवा सिगारेटचे थोटूक त्यात पडले असावे, असा निष्कर्ष नंतर काढण्यात आला. अनेक आठवड्यांच्या चिंध्या तेथे साठलेल्या होत्या. मेजांवर तलम सुती कापडाचे थर होते, वर तारांवर पातळ कागदाचे नमुने टांगलेले होते आणि जमिनीत यंत्रांचे तेल मुरलेले होते. कामगारांनी बादल्यांनी पाणी ओतले. जिन्याजवळील नळी उलगडली, परंतु तिच्यातून पाणी आले नाही. काही क्षणांतच मजला पेटला. तरीही आठव्या मजल्यावरील जवळजवळ सर्व कामगार जिन्यांनी व उद्वाहकांनी बाहेर पडू शकले.

आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावरील कचेरीस दूरध्वनीने सूचना देण्यात आली. तेथील लोक, व त्यांत दोन्ही मालकही, गच्चीवर गेले. शेजारची इमारत अधिक उंच होती व तीत न्यूयॉर्क विद्यापीठाचे वर्ग भरत. तेथील विद्यार्थ्यांनी शिड्या टाकून अनेकांना वर घेतले. दहाव्या मजल्यावरील एक व्यक्ती सोडता सर्व वाचले. नवव्या मजल्यावर मात्र कोणतीही सूचना पोहोचली नाही. तेथे लांबच लांब मेजांवर सु. २४० शिवणयंत्रे ओळीने मांडलेली होती आणि दोन ओळींमधील जागा खुर्च्या व कपड्यांच्या टोपल्या यांनी अडलेली होती. आठव्या मजल्याच्या फुटलेल्या खिडक्यांतून व मागील चौकातून ज्वाळा वर चढल्या. कामगारांना आग कळली ती अशा रीतीने प्रत्यक्ष आगच मजल्यावर पोहोचल्यावर.

नवव्या मजल्यावरील घटनाक्रम पाहिल्यास एकेक मार्ग कसा निरुपयोगी होत गेला, हे स्पष्ट होते. ग्रीन रस्त्याच्या जिन्यावरून पहिल्या काही मिनिटांत गेलेले वाचले. खालचा भाग पेटल्यावर त्याने केवळ गच्चीकडे जाता येत होते आणि लवकरच तेही थांबले. वॉशिंग्टन प्लेसच्या दाराशी गर्दी लोटली, पण ते उघडले नाही. त्याची किल्ली जवळ असलेला मुकादम दुसऱ्या मार्गाने निघून गेला होता. मागील लोखंडी जिना उष्णतेने व माणसांच्या भाराने वाकून कोसळला आणि त्यावरील सु. वीस जण खाली चौकात पडले. उद्वाहक चालविणाऱ्या दोघांनी धूर व ज्वाळा यांतून पुनःपुन्हा फेऱ्या करून अनेकांचे प्राण वाचविले. अखेर उष्णतेने वाकलेल्या रुळांमुळे व पोकळीत उड्या टाकलेल्यांच्या भारामुळे तेही बंद पडले. अग्निशामक दल काही मिनिटांतच आले होते. त्यांची सर्वांत उंच शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. खिडक्यांतून साठांहून अधिक व्यक्तींनी उड्या टाकल्या किंवा त्या खाली पडल्या. त्यांना झेलण्यासाठी धरलेल्या जाळ्या एवढ्या उंचीवरून येणाऱ्या आघाताने फाटल्या. हे सर्व रस्त्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत घडले.

मृतदेह ईस्ट नदीकाठच्या धक्क्यावरील छपराखाली ओळखीसाठी ठेवण्यात आले. एखादी अंगठी, रफू केलेला मोजा, बुटाची टाच यांवरून नातेवाइकांनी आपली माणसे ओळखली. सहा मृतदेह अनोळखीच राहिले व शहराने त्यांचे दफन केले. ५ एप्रिल १९११ रोजी भर पावसात निघालेल्या शोकयात्रेत एक लाखाहून अधिक लोक चालले. या सहा व्यक्तींची नावे पुढे शंभर वर्षांनी, २०११ मध्ये, कागदपत्रांच्या शोधातून निश्चित झाली.

न्यायालयीन कारवाई व नुकसानभरपाई : मालकांवर मनुष्यवधाचा खटला भरण्यात आला व डिसेंबर १९११ मध्ये तो चालला. नववा मजला कुलूपबंद होता असे अनेक साक्षीदारांनी सांगितले. तथापि दार त्या विशिष्ट वेळी बंद होते व ते तसे आहे हे मालकांना ठाऊक होते, अशी खात्री पटली तरच आरोपींना दोषी धरावे, असे न्यायाधीशांनी पंचांना समजावून दिले. दार बंद ठेवण्याची प्रथा सिद्ध करणे सोपे होते. त्या क्षणीचे ज्ञान निःसंशय सिद्ध करणे अवघड होते. २७ डिसेंबर रोजी मालक निर्दोष सुटले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांत प्रत्येक मृतामागे सु. ७५ डॉलर देऊन तडजोड झाली. मालकांना विम्यापोटी मिळालेली रक्कम त्यांच्या सिद्ध झालेल्या नुकसानीपेक्षा सु. ६०,००० डॉलरनी अधिक होती. १९१३ मध्ये ब्लँक यांच्या दुसऱ्या एका कारखान्यात कामाच्या वेळी दार कुलूपबंद आढळले, तेव्हा त्यांना वीस डॉलर दंड झाला. घडलेल्या मृत्यूबद्दल व्यक्तीस शिक्षा करणारा फौजदारी कायदा असे मृत्यू टाळण्यास पुरेसा नाही, ही गोष्ट या निकालांनी दाखवून दिली. धोक्याची स्थिती आग लागण्यापूर्वीच गुन्हा ठरणे व तिची वेळोवेळी तपासणी होणे, हाच त्यावरील उपाय होता.

नुकसानभरपाईचा प्रश्नही याच सुमारास ऐरणीवर होता. प्रचलित न्यायतत्त्वांनुसार, कामात असलेला धोका कामगाराने नोकरी पत्करताना स्वीकारलेला असतो, तसेच सहकाऱ्याच्या किंवा स्वतःच्या हयगयीमुळे झालेल्या इजेस मालक जबाबदार नसतो, असे मानले जाई. न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये धोक्याच्या व्यवसायांपुरता सक्तीच्या भरपाईचा कायदा केला होता. तो घटनाबाह्य असल्याचा निर्णय राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी, म्हणजे आगीच्या आदल्याच दिवशी, दिला. पुढे १९१३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करण्यात आली व नवा भरपाई कायदा १९१४ पासून अंमलात आला. अपघाताचा खर्च मालकावर पडू लागल्याने अपघात टाळण्यास आर्थिक प्रयोजनही मिळाले.

चौकशी आयोग : २ एप्रिल १९११ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये भरलेल्या जाहीर सभेत कामगार नेत्या रोझ श्नायडरमन यांनी केवळ सहानुभूती व देणग्या यांवर समाधान मानणाऱ्या श्रोत्यांना कठोर शब्दांत जाब विचारला आणि कामगारांची स्वतःची चळवळच त्यांचे रक्षण करू शकेल, असे प्रतिपादन केले. नागरिकांची एक सुरक्षा समिती स्थापन झाली. तिच्या कार्यवाह फ्रान्सिस पर्किन्स यांनी आगीच्या दिवशी जवळच असल्यामुळे हे दृश्य स्वतः पाहिले होते. लोकमताच्या दडपणामुळे राज्य विधिमंडळाने ३० जून १९११ रोजी कारखाना चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट एफ. वॅग्नर हे त्याचे अध्यक्ष व ॲल्फ्रेड ई. स्मिथ हे उपाध्यक्ष होते. कामगार नेते सॅम्युएल गॉम्पर्झ व स्त्री कामगारांच्या प्रश्नांच्या अभ्यासक मेरी ड्रायर हे सदस्यांपैकी होते.

आयोगाने एका आगीच्या चौकशीपुरते आपले काम मर्यादित ठेवले नाही. पहिल्याच वर्षात त्याने २२२ साक्षीदार तपासले व १,८३६ कारखान्यांची पाहणी करविली. सदस्य स्वतः निरनिराळ्या शहरांतील कारखान्यांत गेले. पर्किन्स यांनी एका ठिकाणी वॅग्नर यांना भिंतीतील लहानशा भोकातून बाहेरच्या शिडीवर जावयास लावले. ‘सुटकेचा मार्ग’ म्हणून दाखविलेली ही शिडी बर्फाने माखलेली होती व जमिनीपर्यंत न पोहोचता अधांतरीच संपत होती. कागदोपत्री मार्ग असणे व तो वापरता येण्याजोगा असणे यांतील अंतर अशा पाहणीतून उघड झाले. तपासणीची जबाबदारी इमारत खाते, अग्निशामक दल, पोलीस व राज्याचे कामगार खाते यांत विखुरलेली असल्यामुळे प्रत्येकास ती दुसऱ्यावर ढकलता येत होती, हेही निदर्शनास आले. शिशाची विषबाधा, अपुरा उजेड व वायुवीजन, बालमजुरी, चाळींतून चालणारे घरकाम व अल्प वेतन हे विषयही आयोगाने हाताळले.

कायदे व त्यांमागील तत्त्वे : आयोगाच्या शिफारशींवरून १९१२ ते १९१४ या काळात न्यूयॉर्क राज्यात ३० हून अधिक कायदे संमत झाले. शहरासाठी १९११ मध्येच अग्निप्रतिबंधाचा स्वतंत्र विभाग निर्माण करण्यात आला. १९१३ मध्ये कामगार खात्याची पुनर्रचना झाली व बदलत्या परिस्थितीनुसार तपशीलवार नियम करण्याचा अधिकार औद्योगिक मंडळास देण्यात आला. स्त्री कामगारांसाठी आठवड्याचे कमाल ५४ तास ठरविणारा कायदा १९१२ मध्ये झाला.

आगीसंबंधीच्या तरतुदींतील तत्त्वे ट्रायअँगलमधील एकेका उणिवेशी ताडून पाहता येतात. चिंध्या अग्निरोधक भांड्यांत ठेवणे, त्या नियमितपणे काढून टाकणे व कारखान्यात धूम्रपानास बंदी करणे, ही आग लागूच नये यासाठी योजलेली पहिली पायरी होय. सातव्या मजल्याच्या वर दोनशेहून अधिक माणसे काम करीत असल्यास स्वयंचलित जलफवारे सक्तीचे करण्यात आले. आग लहान असतानाच ती दाबून धरणे व अग्निशामक दलाच्या आवाक्यापलीकडील मजल्यांस स्वतःचे संरक्षण देणे, हा त्याचा उद्देश होता. धोक्याची सूचना सर्व मजल्यांवर एकदम पोहोचावी म्हणून घंटा आणि बाहेर पडण्याचा नियतकालिक सराव आवश्यक ठरला. दारे कामाच्या वेळात कुलूपबंद ठेवण्यास असलेली मनाई अधिक कडक झाली. बाहेर उघडणाऱ्या दाराचे महत्त्व यांत्रिक स्वरूपाचे आहे : आत उघडणाऱ्या दारावर मागून गर्दीचा रेटा आला, की ते उघडण्यासाठी माणसांना मागे सरावे लागते व घाबरलेल्या गर्दीत ते अशक्य होते, बाहेर उघडणाऱ्या दारास हाच रेटा उघडण्यास मदत करतो. सर्वांत मूलगामी बदल म्हणजे मजल्यावरील माणसांची कमाल संख्या जिन्यांची संख्या व रुंदी यांवरून ठरविण्याचे आणि ती फलकावर लावण्याचे तत्त्व. त्यामुळे मजल्यावर किती माणसे मावतात, या प्रश्नाची जागा त्यावरून किती माणसे वेळेत बाहेर पडू शकतात, या प्रश्नाने घेतली.

व्यापक परिणाम : राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघ ही संस्था प्रथम मुख्यतः मालमत्तेचे संरक्षण व जलफवाऱ्यांची मानके यांत गुंतलेली होती. १९१३ मध्ये तिने जीवितसुरक्षेसाठी समिती नेमली. या समितीच्या कामातून १९२७ मध्ये इमारतींतील निर्गममार्गांची संहिता तयार झाली व तीच पुढे १९६६ मध्ये ‘जीवितसुरक्षा संहिता’ या नावाने प्रसिद्ध झाली. अनेक देशांतील इमारत-नियमांवर तिचा प्रभाव पडला आहे. विमा कंपन्यांच्या तपासनिसांनी १९११ मध्येच न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या संघटनेतून अमेरिकेतील सुरक्षा अभियंत्यांची व्यावसायिक संस्था उदयास आली. आयोगात काम केलेल्या व्यक्तींनी हा अनुभव राष्ट्रीय पातळीवर नेला. स्मिथ हे पुढे न्यूयॉर्कचे राज्यपाल झाले. सेनेटचे सदस्य या नात्याने वॅग्नर यांनी १९३५ चा राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा मांडला. पर्किन्स या १९३३ ते १९४५ या काळात देशाच्या कामगारमंत्री होत्या व संघीय मंत्रिमंडळातील त्या पहिल्या स्त्री सदस्य होत. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेसंबंधी संपूर्ण देशास लागू होणारा सर्वसाधारण कायदा मात्र १९७० मध्येच संमत झाला.

आंतरराष्ट्रीय महिला दिनाचा उगम या आगीत झाला, असा समज कधीकधी आढळतो. तो बरोबर नाही. असा दिन पाळण्याचा ठराव १९१० मध्ये कोपनहेगन येथे झाला होता आणि काही यूरोपीय देशांत तो १९ मार्च १९११ रोजी, म्हणजे आगीपूर्वी सहा दिवस, प्रथम पाळण्यात आला. पुढील वर्षांत मात्र स्त्री कामगारांच्या चळवळीने या दुर्घटनेची स्मृती या दिनाशी निगडित केली.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ ३८ व्या कलमात याच अनुभवाशी जुळणारी तरतूद होती. खोलीत कोणीही असेपर्यंत बाहेर जाण्याचे दार आतून सहज व तत्काळ उघडता येईल असे असावे, सरकते नसल्यास ते बाहेर उघडणारे असावे, निर्गममार्गांवर स्पष्ट खुणा असाव्यात व सर्वांना ऐकू जाईल अशी धोक्याची सूचना देण्याची सोय असावी, असे तीत सांगितले होते.

मर्यादा व नंतरच्या दुर्घटना : नियम असणे व ते पाळले जाणे यांतील अंतर पुढील काळातही कायम राहिले. अमेरिकेतच, नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट येथे ३ सप्टेंबर १९९१ रोजी कोंबडीचे मांस तयार करण्याच्या कारखान्यास आग लागून २५ जण मृत्यू पावले. तेथे दारे कुलूपबंद होती व अकरा वर्षांत एकदाही सुरक्षा तपासणी झालेली नव्हती. थायलंडमध्ये १० मे १९९३ रोजी एका खेळण्यांच्या कारखान्यातील आगीत १८८ कामगार मरण पावले. तयार कपड्यांचा धंदा कमी वेतनाच्या देशांकडे सरकला, तसे त्याचे धोकेही तिकडे गेले. कराची येथे ११ सप्टेंबर २०१२ रोजी एका कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार दगावले. ती आग हेतुपुरस्सर लावल्याचा निर्णय तेथील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तथापि मृत्युसंख्या एवढी वाढण्यास बंद दारे व गज लावलेल्या खिडक्या कारणीभूत झाल्या होत्या. या कारखान्यास काही आठवडे आधीच एका खाजगी प्रमाणनपद्धतीचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी बांगला देशातील ढाक्याजवळ एका कपड्यांच्या कारखान्यातील आगीत किमान ११२ कामगार मरण पावले. तेथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार ठार झाल्यावर कामगार संघटना व परदेशी खरेदीदार कंपन्या यांच्यात आग व इमारत सुरक्षिततेसंबंधी कायदेशीर बंधनकारक करार झाला. स्वतंत्र तपासणी, तिच्या निष्कर्षांची प्रसिद्धी व धोक्याचे काम नाकारण्याचा कामगारांचा हक्क ही त्याची प्रमुख अंगे होत.

या सर्व घटनांतून आगीचे कारण व मृत्यूचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ट्रायअँगलमध्ये दिसून आलेले तत्त्व पुन्हा प्रत्ययास येते. ठिणगी आगकाडीतून, विजेच्या तारेतून किंवा घातपातातून पडू शकते व ती प्रत्येक वेळी टाळता येईलच असे नाही. परंतु वेळेवर सूचना, मोकळी वाट, उघडणारे दार व पुरेसा जिना या गोष्टी आधीच निश्चित करता येतात आणि बहुतांश मृत्यू त्यांच्या अभावी होतात. ॲश इमारत पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आली व ब्राउन इमारत या नावाने वापरात राहिली. १९९१ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी तिच्या दर्शनी भागावर मृतांची नावे कोरलेले स्मारक उभारण्यात आले.